किरणशलाकेची वीज आणि फाइलीवरचा एक शेरा

सर्जापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला विजेची किंमत दोन प्रकारे कळते. एक महिन्याच्या बिलातून, आणि दुसरी संध्याकाळी अचानक दिवे गेल्यावर तळघरातून येणाऱ्या जनरेटरच्या घरघरीतून. आमच्या वसाहतीतला जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये तीन ते साडेतीन युनिट वीज देतो. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे त्या विजेचे नुसते इंधनच युनिटमागे पंचवीस ते तीस रुपयांचे झाले. वीज कंपनीचे युनिट सहा-सात रुपयांचे. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे आमच्या रस्त्याच्या 'विकासा'ची किंमत, असे मी विनोदाने म्हणतो. ज्या रस्त्यावर जगभराची संगणकीय कामे होतात, त्याच रस्त्यावर पाणी टँकरने येते आणि वीज डब्यातून.

मराठी वाचकांसाठी येथे एक गंमत सांगून ठेवतो. या रस्त्यावरचे सर्वांत परिचित नाव विप्रो. तिचा जन्म १९४५ सालचा आणि जन्मगाव आपल्या जळगाव जिल्ह्यातले अमळनेर. तेव्हा तेथे वनस्पती तूप तयार होत असे. माणसांप्रमाणे कंपन्याही घर सोडून दूर जातात आणि नव्या गावाच्या होऊन जातात.

तर अशाच एका दिवे गेलेल्या संध्याकाळी आमच्या शेजारचा सोलापूरचा तरुण लॅपटॉप घेऊन घरी आला. तो एका लहानशा नव्या कंपनीत प्रकाशीय उपकरणांवर काम करतो. सरकारकडे अनुदानासाठी एक प्रस्ताव पाठवायचा होता आणि तो पाठवण्यापूर्वी "काका, तुम्ही आयुष्यभर असले प्रस्ताव नाकारलेत, तर कशामुळे नाकारला जाईल ते आधीच सांगा," अशी त्याची विनंती होती. विनंतीतला टोमणा मला आवडला. प्रस्तावाचा विषय होता लेसरच्या झोताने, तारेशिवाय, वीज दूरवर पोहोचवणे. त्यात तीन उपयोग दाखवले होते: पहिल्या पानावर चंद्र, दुसऱ्यावर हिमालयातील सीमा चौकी आणि तिसऱ्यावर दुर्गम खेडे. पहिली दोन पाने मी शांतपणे वाचली. तिसऱ्या पानाशी मात्र थबकलो. त्याचे कारण शेवटी येईल. आधी विषय नीट समजून घेऊ.

कल्पना सोपी आहे. विजेपासून लेसर प्रकाश करायचा, आरशाच्या किंवा भिंगाच्या साहाय्याने तो दूरच्या एका पाटीवर रोखायचा आणि त्या पाटीवरील प्रकाशविद्युत घटांनी त्याची पुन्हा वीज करायची. छतावरच्या सौर पाटीचेच हे भावंड. फरक इतकाच की येथे सूर्य आपला स्वतःचा, एकाच रंगाचा आणि आपण रोखू त्या दिशेला पाहणारा असतो. एकाच तरंगलांबीसाठी घडवलेले घट त्या प्रकाशाची निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक वीज करू शकतात, जे सूर्याच्या मिश्र प्रकाशात साधत नाही. तारेवाचून वीज पाठवण्याची मनीषा निकोला टेस्लापासूनची आहे. १९७५ साली अमेरिकेत गोल्डस्टोन येथे सूक्ष्मलहरींच्या मार्गाने सुमारे दीड किलोमीटरवर तीस किलोवॉटहून अधिक वीज पोहोचवून झाली. लेसरचा मार्ग त्यामानाने अलीकडचा. २००९ साली नासाच्या स्पर्धेत एका यंत्राने केवळ खालून येणाऱ्या लेसरच्या बळावर सुमारे ९०० मीटर दोर चढून दाखवला व नऊ लाख डॉलरचे बक्षीस मिळवले. २०१९ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने ३२५ मीटरवर ४०० वॉट पोहोचवले.

सर्वांत ताजा आणि सर्वांत गाजलेला प्रयोग २०२५ सालचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ८.६ किलोमीटरवर ८०० वॉटहून अधिक वीज तीस सेकंद पोहोचवली. त्याआधीचा उल्लेखनीय विक्रम १.७ किलोमीटरवर २३० वॉटचा होता, त्यामुळे झेप मोठी आहे यात शंका नाही. प्रयोगकर्त्यांनी पोहोचलेल्या विजेपैकी काहीवर मक्याच्या लाह्या फोडल्या. वर्तमानपत्रांनी लाह्यांची बातमी छापली आणि आमच्या तरुणाच्या प्रस्तावातही त्या लाह्या आल्या होत्या.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी लाह्या पाहत नाही, छेद पाहतो. आठशे वॉट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला एक मिक्सर. तीस सेकंदांत तो मिक्सर जेवढी वीज घेतो ती युनिटच्या एका टक्क्याहूनही कमी. त्या सर्व दिवसांच्या सर्व चाचण्या मिळून एक मेगाज्यूलहून अधिक ऊर्जा पोहोचली असे जाहीर झाले. आकडा भारदस्त वाटतो, पण वीजबिलाच्या भाषेत तो पाव युनिटाच्या थोडा वर जातो. नऊ वॉटचा एक दिवा त्यावर तीसेक तास चालेल. कार्यक्षमता वीस टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगितले गेले, आणि येथेच फाइल वाचणाऱ्याने पेन्सिल उचलावी. हे वीस टक्के जवळच्या अंतरावरचे होते, आणि लेसरमधून बाहेर पडलेल्या प्रकाशापासून मोजलेले होते. लेसरमध्ये शिरलेल्या विजेपासून नव्हे. चांगल्या लेसरमध्येही शिरलेल्या विजेचा सुमारे निम्मा भाग उष्णता होऊन जातो. म्हणजे भिंतीच्या सॉकेटपासून मोजले तर दहा युनिट द्यावे आणि एक घ्यावे, असा हा आजचा व्यवहार. सात रुपयांचे युनिट पलीकडे सत्तर रुपयांचे होते. त्यात यंत्रसामग्रीवरचे व्याज व घसारा अजून धरलेला नाही.

प्रयोग करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांचे उद्दिष्ट अंतर गाठणे हे होते, कार्यक्षमता वाढवणे नव्हते, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही आहे. दोष असतो तो परक्याच्या विक्रमातून आपल्या योजनेचे परिशिष्ट तयार करणाऱ्यांचा.

तरुणाचा मुख्य युक्तिवाद असा होता की, मोबाइल आला तेव्हा खेड्यांनी टेलिफोनच्या तारेची वाट पाहिली नाही, ती पायरी ओलांडून ती थेट पुढे गेली. मग विजेच्या बाबतीत तसे का होऊ नये? हा युक्तिवाद मी दिल्लीतल्या अनेक बैठकांत वेगवेगळ्या वेशांत ऐकला आहे, म्हणून त्याच्यावर थोडा वेळ घालवतो. प्रकाशाच्या झोताने संदेश पाठवणे आज खरोखर चालते. आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन तीरांवरील ब्राझाव्हिल आणि किन्शासा या राजधान्यांना सुमारे पाच किलोमीटरच्या प्रकाशझोताने जोडून इंटरनेट पोहोचवल्याचे २०२१ साली जाहीर झाले. परंतु संदेश आणि ऊर्जा या दोन भिन्न जातीच्या वस्तू आहेत. संदेश वाटेत कोट्यंशाने क्षीण झाला तरी चालते. पलीकडचे यंत्र त्याला ओळखते आणि स्वतःच्या विजेने मोठा करते. पत्रावर पावसाचे थेंब पडले तरी मजकूर कळतो. ऊर्जेच्या बाबतीत जे वाटेत सांडले ते सांडले. ते पलीकडे मोठे करायला वेगळी वीज लागते, आणि ती तेथे असती तर आपण गेलोच नसतो. सांडलेले हे तेल मोजण्याची सवय मोबाइलच्या यशाने आपल्याला लावली नाही.

दुसरे असे की, तारेचा स्पर्धक शोधताना आपण नेहमी डिझेलकडे बोट दाखवतो. उंच चौकीवर डिझेल खेचराच्या पाठीवर किंवा हेलिकॉप्टरने जाते; तेथे लिटरची किंमत इंधनाची नसून रस्त्याची असते, आणि ती रस्ता नसण्याच्या प्रमाणात वाढते. खाली तळावर जाळ्याची वीज असेल, वरच्या चौकीचे डिझेल युनिटला शंभर-दोनशे रुपयांना पडत असेल, तर सत्तर रुपयांची किरणवीज स्वस्त ठरू शकते. पण खाली तळावरही डिझेलच जाळत असाल तर तीस रुपयांचे युनिट वर तीनशेला पडेल, आणि मग हिशेब पुन्हा उलटतो. शिवाय खरा प्रतिस्पर्धी डिझेल नाहीच. तो आहे चौकीच्या छपरावरची साधी सौर पाटी आणि तिच्याखालची बॅटरी. हिमवर्षावात पाटी झाकली जाते हे खरे. पण ज्या धुक्यात व हिमात सूर्य दिसत नाही त्यात लेसरही दिसत नाही.

यातून मला जो निकष सुचतो तो असा: जेथे सूर्य दिसत नाही, पण सूर्य पाहू शकणारी दुसरी एखादी जागा थेट नजरेत आहे, तेथे ही वीज उपयोगी. पृथ्वीवर अशा जागा फार थोड्या आहेत. चंद्रावर मात्र अशा जागांचीच आपल्याला ओढ लागलेली आहे.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आमच्या वसाहतीच्या सभागृहात आम्ही सर्वांनी एकत्र घालवली. कानडी, तमिळ, बंगाली, मराठी, सगळे एका पडद्यासमोर. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला तेव्हा शेजारच्या कानडी आजींनी माझ्या पत्नीचा हात घट्ट धरला होता. या शहराला तो अधिक आपला वाटला, कारण इस्रोचे मुख्यालय आणि त्या यानाशी बोलणारे केंद्र दोन्ही येथलीच. पुढचे दिवस आनंदात गेले. पण जी गोष्ट सभागृहात कोणी एकत्र बसून पाहिली नाही ती ही, की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रज्ञान आणि विक्रम यांना निजवण्यात आले, चंद्रावर चौदा दिवसांची रात्र पडली, आणि २२ सप्टेंबरला हाक मारली तेव्हा दोघांपैकी कोणीही उठले नाही. सुमारे ६१५ कोटींच्या त्या मोहिमेचे ठरलेले काम तोवर पूर्ण झाले होते, त्यामुळे हे अपयश मुळीच नव्हे. यंत्रे एका चांद्रदिवसासाठीच घडवली होती. दिवसा ७३८ वॉट निर्माण करणारा विक्रम आणि ५० वॉटवर चालणारा प्रज्ञान रात्रीच्या थंडीत केवळ ऊब नसल्यामुळे गेले. त्यांना त्या रात्री काम करण्यासाठी वीज नको होती. जीव धरून राहण्यासाठी थोडीशी हवी होती.

ती ऊब देण्याचा जुना मार्ग अणूचा आहे. १९७० साली सोविएत संघाची लुनोखोद ही गाडी पोलोनियमच्या उष्णतेवर एकामागून एक चांद्ररात्री तगली. चीनचे चांग-ई ४ हे यानही २०१९ पासून अशाच उष्णतेच्या आधाराने रात्री काढत आले. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागातही एकेक वॉटचे दोन अणुतापक प्रयोगादाखल होते. विक्रममध्ये मात्र नव्हते. लेसरवाले म्हणतात की अणूऐवजी आम्ही कक्षेतून ऊब पाठवू. हे ऐकायला सुरेख आहे, पण शंभर किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दोन तासांत एक फेरी घालतो आणि एका जागेच्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. चंद्र स्वतःभोवती इतका संथ फिरतो की तीच जागा पुन्हा कक्षेखाली येण्यास जवळजवळ पंधरवडा लागतो. एका उपग्रहाने भागत नाही, उपग्रहांची माळ लागते. आणि थेट पृथ्वीवरून पाठवू म्हणाल, तर प्रकाशाचा स्वभाव आड येतो. एक मीटर व्यासाच्या आरशातून निघालेला एक मायक्रॉन तरंगलांबीचा झोत चंद्रावर पोहोचेपर्यंत जवळजवळ एक किलोमीटर रुंद होतो. संपूर्ण एक मेगावॉट ओतला तरी तेथे चौरस मीटरला सव्वा वॉट पडेल. सूर्य त्याच जागी फुकट तेराशेहून अधिक देतो.

पण तोच झोत दहा किलोमीटरवर पाठवा, तो दोन-तीन सेंटिमीटरच पसरतो. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन नावाचे विवर आहे. व्यास एकवीस किलोमीटर, खोली सुमारे चार. त्याच्या कडेवरील काही ठिकाणी वर्षातला बहुतेक काळ सूर्य असतो आणि तळाशी कधीच नसतो. तापमान उणे एकशे ऐंशी अंशांच्या आसपास. चांद्रयान-१ ने २००८-०९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या तेव्हापासून सगळ्या जगाचे लक्ष अशाच कायमच्या अंधाऱ्या तळांकडे आहे. कडेवर सौर पाट्या, तळाशी गाडी, मध्ये दहा-बारा किलोमीटर स्वच्छ निर्वात पोकळी. पाऊस नाही, धुके नाही, पक्षी नाही, कोणाची शेती नाही. येथे दहाला एक हा भावही परवडतो, कारण तुलना सहा रुपयांच्या युनिटाशी नसून पृथ्वीवरून नेलेल्या प्रत्येक किलोच्या भाड्याशी आहे. तार अंथरता येईल, नाही असे नाही. पण कड्यावरून खाली उतरणारी आणि गाडीमागे ओढली जाणारी तार हीही मोठी जोखीमच. धूळ बसेल, तिचा उपाय शोधावा लागेल. चांद्रयान-५ या नावाने आपण जपानसह जी ध्रुवीय मोहीम हाती घेतली आहे, ज्यात उतरणारे यान आपले आणि अडीचशे किलोची गाडी जपानची, तिच्यानंतरच्या मोहिमांसाठी हा विषय आजच प्रयोगशाळेत असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. तरुणाच्या पहिल्या पानावर मी 'शिफारस' असे लिहिले. दुसऱ्या पानावर 'मर्यादित चाचणी, संरक्षण नवोन्मेष योजनेकडे पाठवावे' असे.

आता प्रशासनाचा भाग, जो बहुधा कोणी वाचत नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमात पारेषण म्हणजे पारेषण वाहिन्यांच्या साहाय्याने वीज वाहून नेणे, अशी व्याख्या आहे, आणि वाहिनी म्हणजे केबल व ओव्हरहेड तार. किरणशलाका यात बसत नाही. दूरसंचाराच्या बाजूने पाहावे, तर आंतरराष्ट्रीय नियमांत रेडिओ लहरींची हद्द ३००० गिगाहर्ट्झला संपते आणि प्रकाश तिच्या पलीकडे राहतो. म्हणजे ही वस्तू विजेच्या कायद्यात तार नाही आणि बिनतारीच्या कायद्यात लहर नाही. ज्या वस्तूला खाते नाही तिला आपल्याकडे परवानगीही नसते आणि मनाईही नसते. अपघात झाल्यावर मात्र सर्व खाती एकदम जागी होतात. हा झोत डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्यांचा पडदा जाळू शकतो. त्याच्याभोवती क्षीण किरणांचे कुंपण उभारून पक्षी वा माणूस आत येताच क्षणार्धात लेसर बंद करण्याची व्यवस्था अशा प्रयोगांत करतात. पण ते कुंपण तपासून प्रमाणपत्र कोणी द्यायचे, हे आपल्याकडे ठरायचे आहे.

त्याहून नाजूक प्रश्न जमिनीचा, किंबहुना जमिनीवरच्या रिकाम्या आकाशाचा. मनोरा उभारला तर शेतकऱ्याला मोबदला मिळतो; २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तो मनोऱ्याच्या जागेसाठी जमीनमूल्याच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी तीस टक्के केला. किरणाला मनोरे लागत नाहीत म्हणून हा खर्च वाचेल असे प्रस्तावात लिहिले होते. मी विचारले, "झोताच्या वाटेत एखाद्याने नारळ लावला आणि पंधरा वर्षांनी तो उंच झाला, तर?" तो हसला. पण ज्याच्या शेतावरून झोत जातो त्याने उंच झाड लावायचे नाही, दुसरा मजला चढवायचा नाही, हे बंधन म्हणजे वहिवाटीचा हक्कच झाला. न दिसणाऱ्या वस्तूसाठी न दिसणारे भूसंपादन करण्याचा मोह आपल्या व्यवस्थेला पटकन होतो.

तेव्हा त्याने माझ्याच शहराचा इतिहास माझ्यापुढे ठेवला. "काका, १८९९ साली तुम्ही म्हैसूरच्या दरबारात असतात तर शिवनसमुद्रची तारही नाकारली असती." मुद्दा बिनतोड होता. कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे १४७ किलोमीटर तार टाकून १९०२ साली वीज पोहोचवली गेली, तेव्हा जगात इतक्या लांब वीज नेण्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच होती. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी ते धाडस केले. बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे त्यानंतर, १९०५ साली आले. आधी सोने, मग शहर. आणि खेडी त्या हिशेबात कोठेच नव्हती. मी त्याला एवढेच म्हणालो की त्या तारेला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक होते. खाणींना वीज हवी होती आणि तिचे पैसे देण्याची ऐपत होती. संस्थानाने धोका पत्करला तो त्या करारावर. तुझ्या पहिल्या पानाला असे गिऱ्हाईक आहे, दुसऱ्याला कदाचित आहे. तिसऱ्या पानावर गिऱ्हाईक नाही, फक्त गरज आहे. प्रयोग करायचा तर तो ऐपतदारावर करावा.

"पण मग खेड्यांचे काय?" त्याने विचारले. आणि म्हणून मला घारापुरीबद्दल बोलावे लागले.

गेटवे ऑफ इंडियावरून होडीने तासाभरात जाता येते असे ते बेट. लेणी पाहायला सगळे जग तेथे जाते. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या, हजारभर माणसे. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना या माणसांनी २०१८ सालच्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर दिवस काढले. मग समुद्रतळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली गेली आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी वीज आली. खर्च सुमारे पंचवीस कोटी. माणशी अडीच लाख रुपये. आठ टक्के व्याज आणि पंचवीस वर्षे आयुष्य धरा, वर्षाला दोन कोटी चौतीस लाखांचा बोजा होतो. समजा, बेटावर वर्षाला पाच लाख युनिट वीज लागली, तरी केबलचाच भार युनिटमागे सत्तेचाळीस रुपये. मी शिकलो त्या अर्थशास्त्राने हा प्रस्ताव तीन ओळींत नापास केला असता. तरीही तेथल्या माणसाचा दर राज्यातल्या इतर घरगुती ग्राहकासारखाच, कारण दर ठरवताना आपण पोस्टाच्या तिकिटाचे तत्त्व मानतो: पत्र शेजारच्या गल्लीत जावो वा बेटावर, तिकीट एकच. हे तत्त्व मला आता शिकलेल्या अर्थशास्त्राइतकेच जवळचे वाटते. पण तसे ते नेहमी वाटत नव्हते.

नोकरीच्या मधल्या वर्षांत एका मूल्यमापन समितीत मी होतो. सातपुड्यातल्या एका पाड्यासाठी सौर पाट्यांची लहानशी योजना माझ्या टेबलावर आली. चाळीस-एक घरे, एक शाळा. रक्कम किरकोळ होती. त्या भागात तारेच्या विस्ताराचा आराखडा मंजुरीच्या टप्प्यात होता, म्हणून मी शेरा मारला: 'कायमस्वरूपी व्यवस्था प्रस्तावित असल्याने तात्पुरत्या व्यवस्थेवरील खर्च समर्थनीय दिसत नाही.' वाक्य निर्दोष होते. वरच्या अधिकाऱ्यांनी त्याखाली सही केली आणि मला वाटते कौतुकही केले. तार त्या पाड्यावर पोहोचली नऊ वर्षांनी. पुढे दुसऱ्या कामासाठी त्या भागात गेलो असता मुद्दाम वाट वाकडी करून तेथे गेलो. शाळेतले गुरुजी तेच होते. त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हते. दिल्लीचा साहेब इतकेच ठाऊक होते. चहा देता देता ते म्हणाले, "साहेब, तार येणार म्हणून ऐकलं तेव्हा जी पोरं पहिलीत बसली होती, ती तार आली तेव्हा दहावीला गेली. कंदिलावरच शिकली म्हणा की." तक्रार नव्हती. वर्षे मोजण्याची त्यांची ती रीत होती. माझ्या शेऱ्याबद्दल मी त्यांना काही सांगितले नाही. सांगायला हवे होते.

म्हणून मी तिसऱ्या पानाशी थबकलो. अजून न आलेल्या उत्तम गोष्टीच्या नावाने, आज मिळू शकणारी बरी गोष्ट नाकारणे हा आमच्या व्यवस्थेचा जुना आजार आहे, आणि मी त्याचा वाहक होतो. तेव्हा तारेच्या नावाने पाटी नाकारली गेली. उद्या किरणाच्या नावाने केबल नाकारली जाईल. 'लेसर पारेषण विचाराधीन असल्याने' हे शब्द एखाद्या टिपणीत मला आताच दिसू लागतात. पंचवीस कोटींची केबल टाळण्यासाठी याहून सभ्य कारण कोणत्या वित्तीय सल्लागाराला मिळेल? आणि कोकणच्या पावसात, जून ते सप्टेंबर, तो झोत बंद पडेल तेव्हा त्या बेटावरच्या माणसाला आपण काय सांगणार आहोत?

मी त्याला सुचवले की तिसरे पान काढून टाक. त्याने मान्य केले नाही. म्हणाला, "काका, खेड्याचं पान नसेल तर प्रस्तावाला जनहिताचे गुण मिळत नाहीत. फॉर्ममध्येच रकाना आहे." खरेच होते. मी उघडून पाहिले. 'ग्रामीण लाभ' असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. असे रकाने आमच्यासारख्यांनीच घातलेले असतात, सद्हेतूने.

बराच वेळ आम्ही त्या रकान्यात काय लिहावे यावर घालवला. 'लागू नाही' असे टंकले तर संगणक लाल अक्षरे दाखवी. शेवटी त्याने लिहिले, 'नजीकच्या काळात थेट लाभ नाही. या तंत्रज्ञानाच्या कारणास्तव कोणतीही चालू ग्रामीण वीज योजना स्थगित करू नये.' ते यंत्राने स्वीकारले. माणूस स्वीकारील का, हे त्याने मला विचारले; मी म्हटले, छाननीला माझ्यासारखा कोणी बसला असेल तर गुण कापील, पण वाक्य लक्षात ठेवील. एवढ्यात खालचा जनरेटर थांबला, पंखे क्षणभर मंदावले आणि रस्त्यावरची वीज परत आली. प्रस्ताव गेल्या सोमवारी गेला.